इंजिन पुसून ठेवायचे की पेटवायचे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, तिला १४ डबे होते, सुमारे ४०० पाहुणे होते आणि ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली, एवढे आपल्याला शाळेपासून पाठ असते. त्या तिघांपैकी एकही इंजिन आज शिल्लक नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. इंजिन हे काम करण्याचे यंत्र. काम संपले की ते भंगाराच्या भावाने जायचे, हीच जगभरची रीत होती. ते जपावे, रंगवावे, लोकांना तिकीट लावून दाखवावे आणि जमल्यास पुन्हा चालवावे, ही कल्पना त्या मानाने अलीकडची. म्हणूनच हे कशासाठी आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न रास्त आहे. पुढचा वाद मी एका काका-पुतणीच्या तोंडी घातला आहे. काका लोको शेडमधून चार्जमन म्हणून निवृत्त झालेले, पुतणी वाहतूक नियोजनाची अभ्यासक. दोघेही कल्पनेतले आहेत. मुद्दे मात्र खरे. मधूनमधून मीही तोंड घालणार आहे, कारण या वादात मी तटस्थ नाही.

पुतणी: काका, जुन्या गाड्यांचे तुमचे प्रेम मला कळते, पण त्याचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे ते आधी ठरवू. बार्शी लाइट रेल्वेचेच घ्या. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ पडले, मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. वारकऱ्यांची गाडी म्हणून तिच्या आठवणी आजही निघतात, आणि २०११ पर्यंत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा हळहळणारेही होते. मग २०१६ चा एप्रिल आला. लातूरच्या नळांना पाणी नव्हते, आणि मिरजेहून त्याच मार्गाने पाण्याची गाडी निघाली. पहिल्या फेरीला १० वाघिणी, म्हणजे सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, या हिशेबाने बांधलेल्या छोट्या रुळांवरून हे पाणी गेले असते का? किंवा आपली शकुंतला घ्या. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर असा १९० किलोमीटरच्या आसपासचा मार्ग. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जावा म्हणून घातलेला आणि स्वातंत्र्यानंतरही किलिक निक्सनच्या खासगी मालकीत राहिलेला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. बाहेरून आलेला पाहुणा तिच्यावर लेख लिहून गेला. अचलपूरचा माणूस मात्र ब्रॉडगेज मागत बसला. तुमचे वारसाप्रेम म्हणजे दुसऱ्याने हळू जावे ही इच्छा, असे मी म्हटले तर काय चुकले?

काका: काही चुकले नाही. ज्याला बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जायचे आहे त्याच्या गाडीवर वारशाचा बोजा टाकू नये, हे मी लिहून देतो. बार्शीची गाडी ब्रॉडगेज झाली ते बरेच झाले. माझे म्हणणे वेगळे आहे, आणि ते प्रेमाचे नाही, कारागिरीचे आहे. वाफेचे इंजिन चालवायचे, दुरुस्त करायचे ते बहुतेक हाताने आणि कानाने. कोळसा कुठे आणि किती पातळ पसरायचा, बॉयलरचे पत्रे धरून ठेवणारा स्टे सैल झालाय हे हातोडीच्या आवाजावरून कसे ओळखायचे, ट्यूब किती फुलवायची, हे नकाशात नसते. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. मधली एक पिढी गळाली की संपले. तुला इंग्लंडचे उदाहरण देतो. टोर्नाडो नावाचे वाफेचे नवेकोरे इंजिन तिथल्या लोकांनी वर्गण्या काढून बांधायला घेतले आणि २००८ मध्ये डार्लिंग्टनला पुरे केले. हे तेच डार्लिंग्टन, जिथे १८२५ मध्ये जगातल्या पहिल्या सार्वजनिक वाफेच्या रेल्वेपैकी एक धावली. आणि त्या इंजिनाचा बॉयलर कुठून आणावा लागला? जर्मनीतल्या मायनिंगेनहून. तेवढा बॉयलर बांधून देणारा कारखाना वाफेच्या माहेरातच उरला नव्हता.

इथे काकांच्या पुढे जाऊन एक गोष्ट जोडायला हवी, कारण तिच्यामुळे हा मुद्दा इंग्लंडची हळहळ न राहता आपल्या घरचा होतो. भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन तर १९७० मध्येच बाहेर पडले होते. त्याचे नावही अंतिम सितारा. हिशेबाने आपल्याकडचे कसबही एव्हाना मावळायला हवे होते. ते पुरते मावळले नाही, आणि त्याचे कारण डोंगरात आहे. निलगिरीच्या रेल्वेवर मेट्टुपलायम ते कुन्नूर हा चढ इतका उभा आहे की रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी घालावी लागली. तिथे वाफेची दात्यांची इंजिनेच धावत राहिली. ती म्हातारी झाली तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात त्याच जातीची नवी इंजिने बांधून दिली. दार्जिलिंगची ब वर्गाची इंजिने १८८९ ते १९२७ या काळातली. तिंधारियाच्या कारखान्यात त्यांचे सुटे भाग घडवणे चालू राहिले. जिथे गाडी चालत राहिली तिथे हात शिल्लक राहिले. जिथे इंजिन चौथऱ्यावर चढवले आणि दरवर्षी काळा रंग मारला तिथे फक्त रंगारी शिल्लक राहिला. माझा पक्ष एवढाच आहे: रेल्वे संग्रहालयाची किंवा जुन्या गाडीतल्या सफरीची किंमत तिच्यामागे चालता कारखाना आणि शिकणारा हात आहे की नाही यावरून करावी. गर्दी किती जमली, हा पुढचा प्रश्न.

पुतणी: पण यातच एक गोची आहे, आणि संग्रहालयशास्त्राची माणसे ती गेली कित्येक वर्षे दाखवत आहेत. चालवले की झिजते. झिजले की बदलावे लागते. १८५५ चे इंजिन तुम्ही पुन्हा पेटवणार म्हणजे जुन्या ट्यूबा फेकणार, प्लेटी कापणार, नवे ब्रेक लावणार. वीस वर्षांनी तुमच्याकडे १८५५ ची नावाची पाटी आणि नवे लोखंड उरेल. तेव्हाचा रिव्हेट कसा ठोकला होता, धातू कसा होता, हा पुरावा तुम्हीच नष्ट केलेला असेल. पुरातत्त्ववाल्याने शिलालेख वाचता यावा म्हणून घासून काढला तर तुम्ही त्याला सोडाल का?

काका: तू ज्याला अस्सल म्हणतेस ते इंजिन शेडमध्ये कधीच नव्हते, बाई. मोठ्या दुरुस्तीला चार इंजिने आली की चारांचे बॉयलर उतरायचे, आणि ज्याचा आधी तयार झाला तो पुढच्या सांगाड्यावर चढायचा. आपलाच बॉयलर परत मिळाला पाहिजे असा हट्ट इंजिनाला नव्हता आणि आम्हालाही नव्हता. इंग्लंडच्या त्या जगप्रसिद्ध फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाचे बॉयलरही त्याच्या कामाच्या दिवसांतच कितीदा तरी बदलले गेले होते. पुढे सरकारी संग्रहालयाने ते इंजिन २००४ मध्ये २३ लाख पौंडांना घेतले आणि २०१६ मध्ये पुन्हा रुळांवर आणले, त्यावर आणखी कितीतरी लाख पौंड गेले. इंजिन म्हणजे सतत दुरुस्त होत राहिलेली वस्तू. दुरुस्ती थांबवली की ते जसेच्या तसे राहते, हा भ्रम आहे, ते गंजते.

काकांचे म्हणणे रेल्वेच्या रिवाजाला धरून आहे, पण पुतणीचा प्रश्न त्याने मिटत नाही, असे मला वाटते. १९२० च्या एखाद्या इंजिनाचे शंभर भाऊ असतात; १८५५ च्याला ती चैन नाही. सुदैवाने याचे उत्तर आपल्याकडे जोडीने हजर आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीने १८५५ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बनवलेली दोन सख्खी इंजिने, २१ आणि २२ क्रमांकांची, आजही आहेत. २२ म्हणजे फेअरी क्वीन. १९०९ मध्ये निवृत्त झालेले हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा पेटवून दिल्ली ते अलवर पर्यटकांसाठी चालवले, आणि पुढच्याच वर्षी नियमित चालणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनीजने त्याची नोंद केली. २१ क्रमांकाचे इंजिन शंभरावर वर्षे जमालपूर आणि हावड्याला शोभेसाठी उभे होते. पेरांबूरच्या कारखान्याने ते २०१० मध्ये चालते केले. म्हणजे दोन्ही बहिणींना आपण कामाला जुंपले. हे मला पटत नाही. एकीला हात न लावता ठेवायचे, तिच्या प्रत्येक जोडाची मोजमापे घ्यायची, छायाचित्रे काढायची. दुसरीला मन मानेल तसे नवे लोखंड घालून धावू द्यायचे. एकीकडे पुरावा राहिला असता आणि दुसरीकडे कसब. विक्रमाची नोंद मिळते म्हणून सर्वांत जुने तेच पेटवायचे, हा कारखान्याच्या फायद्याचा विचार नव्हे, जाहिरातीचा आहे.

पुतणी: बरे, पुरावा वाचवला. माणसांचे काय? बॉयलर म्हणजे दाबाखाली कोंडलेले उकळते पाणी. जून १९९५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या गेटिसबर्गला पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या फायरबॉक्सचे, म्हणजे भट्टीचे, छत बसले. कॅबमधले तिघेही भाजले. हौसेपायी कोणाचा तरी नोकरीवरचा मुलगा असा भाजावा, हे कोणत्या कारागिरीत बसते?

काका: बरोबर उदाहरण काढलेस, आता ते शेवटपर्यंत वाच. बॉयलरच्या मागच्या अंगाला, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर काचेची उभी नळी असते. वरची तोटी वाफेत, खालची पाण्यात, आणि तळाला निचऱ्याची तोटी. नळीत पाणी दिसले म्हणजे फायरबॉक्सच्या छतावर पाणी आहे. दिसले म्हणजे आहेच, असे मात्र नव्हे. म्हणून पाळी सुरू करताना पाण्याची तोटी बंद करून निचरा उघडायचा, वाफ फुसकन बाहेर यायला हवी. मग वाफेची बंद करून पाण्याची उघडायची, पाण्याने जोर दाखवायला हवा. शेवटी दोन्ही तोट्या उघड्या ठेवून निचरा बंद केला की नळीतले पाणी उसळून झटकन पातळीवर यायला हवे. ते रेंगाळत वर चढले तर वाट तुंबलेली आहे, इंजिन हलवायचे नाही. आमच्याकडे नवा फायरमन फावडे धरायच्या आधी हे शिकायचा. गेटिसबर्गला नेमक्या याच वाटा क्षाराने तुंबल्या होत्या. काच पाणी दाखवत राहिली आणि छत कोरडे पडले. चौकशीत निघाले काय? देखभाल अपुरी, चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण अपुरे, आणि वाफेचे इंजिन हाताळण्याचे ज्ञानच देशातून ओसरत चाललेले. आणि तरी कोणाचा जीव गेला नाही, त्याचे एक कारण म्हणजे जुन्या बांधणाऱ्यांनी छताचे बोल्ट असे बसवले होते की ते एकदम न कोसळता टप्प्याटप्प्याने सुटावे. पुढे १९९९ मध्ये तिथले नियम नव्याने कडक केले गेले. म्हणजे कसब हाच इथला सुरक्षेचा उपाय. ते राखायचे नसेल तर इंजिन पेटवू नका. मीही त्याला विरोध करीन.

या मुद्द्यावर पुतणीकडे उत्तर उरत नाही. धुराचा आक्षेप तिने काढला असता तर त्यात थोडे तथ्य होते, पण फार नाही: वर्षाच्या मोजक्या फेऱ्यांचा कोळसा हा देशाच्या हिशेबात कुठे दिसत नाही, आणि निलगिरीची काही इंजिने तेलावर, तर अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनचे इंजिन चक्क वापरलेल्या खाद्यतेलावर चालवून दाखवले गेले आहे. तिचा पुढचा घाव मात्र जास्त खोल आहे.

पुतणी: तुमच्या संग्रहालयांत जतन काय केलेय ते बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १८७५ चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून, म्हैसूरच्या महाराजांचा सलून. पितळ लखलखतेय, गादी मखमली आहे. बोरघाट खणताना हजारो मजूर कॉलऱ्याने आणि अपघातांनी मेले, त्यांचे काय ठेवलेय? तिसऱ्या वर्गात कोंबलेल्या माणसाचे काय? ही सगळी राजवटीची हौस आहे, आणि आपण तिकीट काढून त्या हौसेला मुजरा करतो.

हा आक्षेप काकांवर सोडत नाही, कारण तो फिटरने उत्तर द्यायचा नाही, लेखकाने द्यायचा आहे. त्यातला निम्मा भाग मला मान्यच आहे. सलून चकाकत ठेवणे सोपे असते, कारण तो चकाकण्यासाठीच बांधलेला असतो. पण त्याच दिल्लीच्या संग्रहालयात ओखिल चंद्र सेन यांचे १९०९ चे पत्र दाखवले जाते. गाडीत शौचालय नसल्यामुळे स्टेशनात उतरावे लागले, तेवढ्यात गार्डाने गाडी सोडली आणि आपली फजिती झाली, असे त्यांनी मोडक्या इंग्रजीत रेल्वेला खडसावले आहे. लोक ते हसून वाचतात. तिसऱ्या वर्गाची अवस्था मात्र त्या एका कागदावरून जेवढी कळते तेवढी दहा सलून पाहून कळत नाही. वस्तू राजवटीची असली म्हणून तिच्याबद्दल सांगायची गोष्ट राजवटीचीच असली पाहिजे असे नाही. पुतणीने उदाहरण दिलेली बार्शी लाइट रेल्वेच पाहा. ती उभारणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप इंग्रज होता, हे खरे. पण हलके रूळ, लांब बोगी डबे आणि सर्व आसांवर सारखा विभागलेला भार, ही त्याची पद्धत सोलापूर जिल्ह्यात कसाला लागली आणि मग १९०४ मध्ये इंग्लंडच्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेत वापरली गेली. (याच गृहस्थाने नंतर विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही बनवले, माणूस स्वस्थ बसणारा नव्हता.) माथेरानची गाडी गोऱ्या साहेबाने बांधली असे समजणारेही पुष्कळ भेटतात. ती बांधली मुंबईच्या अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, वडील सर आदमजी यांच्या पैशातून, १९०७ मध्ये. हे सगळे सांगायचे राहून जाते, आणि सांगितले जात नाही हा दोष इंजिनाचा नाही, शेजारच्या पाटीचा आहे. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. सातपुड्यातल्या छोट्या रुळांची, ते रूळ राखणाऱ्या गँगमनची गोष्ट सांगायला त्याहून योग्य जागा नाही.

काका: आणि पाटीपेक्षाही वाईट म्हणजे सोंग. ३१ ऑक्टोबर २०२३ ला गुजरातेत एकतानगरहून हेरिटेज गाडी सुरू झाली. तिचे इंजिन विजेवरचे, वर वाफेच्या इंजिनाचे रूप चढवलेले. आत ना आग, ना पाणी. याला वारसा म्हणायचे तर नाटकातल्या शिवाजीला छत्रपती म्हणायला हरकत नाही.

पुतणी: पण काका, ती गाडी वेळेवर जाते, कोणी भाजत नाही, आणि लोकांना आवडते. खोटी म्हणून बंद करायची का?

बंद करायची गरज नाही. तिला सहलीची गाडी म्हणावे, एवढेच. फरक कुठे पडतो ते माथेरानला दिसते. नेरळपासून वर सुमारे २१ किलोमीटर, दोन फुटी रूळ, काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट असा चढ आणि जेमतेम एकच बोगदा. तिथली जर्मनीहून आणलेली चार वाफेची इंजिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाली आणि डिझेल आले. तरीही ती रेल्वे सोंग ठरत नाही, कारण तिचा डोंगर, तिची वळणे आणि तिथे काम करणारा गँगमन खरा आहे. जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये उभा राहिला. २०१९ मध्ये पुन्हा गेला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाला. माथेरानात मोटारींना मज्जाव आहे, त्यामुळे अमन लॉजपासून पुढची गाडी तिथल्या माणसाच्या रोजच्या उपयोगाची आहे. तिच्या डब्यांची मोठी दुरुस्ती कुर्डुवाडीच्या कारखान्यात होत आली आहे, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या ठाण्यावर. पुतणीने ज्या रेल्वेला निरोप दिला तिचे कसब अशा रीतीने घाटात जिवंत आहे. हे टिकवायला डिझेलला चिमणी आणि भोंगा चढवण्याची आवश्यकता नाही.

वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेने १९५१ पासून स्वयंसेवकांच्या बळावर जुनी गाडी चालवून दाखवली, आणि आपल्याकडे तेच करा असा सल्ला अधूनमधून दिला जातो. तो इथे लागू पडणार नाही. आपली रेल्वे सरकारी खाते आहे, तिथे बॉयलरला हौशी माणसाचा हात लागू देणार नाहीत, आणि देऊही नये. आपला मार्ग अप्रेंटिसचा आहे. रेल्वेच्या कारखान्यांत आयटीआय झालेली मुले दरवर्षी शिकायला येतात. त्यांतली थोडी गोल्डन रॉक, तिंधारिया, कुर्डुवाडी आणि रेवाडीच्या वाफेच्या शेडमध्ये दोन वर्षे बॉयलरच्या कामाला लावावीत, आणि संग्रहालयांच्या व सफरींच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा त्यांच्या विद्यावेतनाला जावा. अचलपूरच्या ब्रॉडगेजच्या पैशाला त्यासाठी हात लावावा लागत नाही. पुतणीने यावर, हिस्सा किती ते आकड्यात सांगा, असे म्हटले असते. तो आकडा रेल्वेनेच जाहीर करावा, कारण जमाखर्च तिच्याकडे आहे.

तोवर वाचकाने एक करावे. दार्जिलिंग, उटी, माथेरान, रेवाडी, जिथे जाल तिथे तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचारावे, की या गाडीची दुरुस्ती कुठे होते आणि ती करणाऱ्यांत तिशीच्या आतले किती जण आहेत. उत्तर मिळाले तर दोन तिकिटे जास्त काढा. आणि दिल्लीच्या संग्रहालयात जाणार असाल तर सोमवार टाळा. त्या दिवशी ते बंद असते.